काळ्या मर्सिडीजविरुद्धचा अर्ज

१

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डिचोलीच्या बोर्डे भागात पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. जानकीने दार उघडून सायकलवरच्या टोपलीतून चार पाव आणि दोन उंडे घेतले, कालचे उंडे करपले होते हे पोदेराला सुनावले आणि चहाचे आधण ठेवले. साडेसहाला सगुण गवस दाढी करून टेबलाशी आला. सात वाजता पाणी गेले. सव्वासातला जानकीने टेबलाचे एक टोक पुसून घेतले आणि आदल्या दिवशीच्या एका अपघाताचा अहवाल उतरवायला बसली.

सगुण विमा कंपनीच्या यादीवरचा सर्व्हेअर होता. ठोकरलेल्या, उलटलेल्या आणि जळालेल्या गाड्या तपासून त्यांच्याविषयी मत देणे हे त्याचे काम. कंपनीला अहवाल इंग्रजीत लागे; पण गाडीच्या मालकालाही आपल्या गाडीबद्दल काय लिहिले ते कळावे, म्हणून तो सोबत एक मराठी प्रत देई. असे करणारा तो उत्तर गोव्यातला एकटाच होता आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. ही मराठी प्रत लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून जानकी लिहीत आली होती.

"सोमवारी आई कशी होती, ते तू सांगितलंच नाहीस," पाव चहात बुडवत तो म्हणाला.

"बऱ्या आहेत. डोळ्यांत थेंब घालते म्हणतात, पण घालत नाहीत." जानकीने मान वर केली नाही. "इब्रामपूरला जाऊन येईपर्यंत माझीच कंबर मोडली."

सगुणला बसचे धक्के आठवले आणि त्याने विषय सोडला.

नऊ वाजता तो म्हापशाच्या शाखेत पोहोचला. शाखाधिकाऱ्यांनी त्याला बसायला सांगितले आणि टंकलिखित कागद पुढे सरकवला.

"रविवारची मदतफेरी तुम्हाला माहीत आहेच. डिचोली ते मोरजी, अकरा जुन्या गाड्या. इब्रामपूरला रुग्णवाहिका मिळावी म्हणून. फेरीत एखादी गाडी रस्त्याकडेच्या माणसांत घुसली तर जबाबदारी आयोजकांवर येणार. त्या जबाबदारीचा विमा असल्याशिवाय मामलेदार परवानगी देत नाहीत. पॉलिसी तयार होती. काल हे आलं."

सगुणने वाचले. सदर काळी मर्सिडीज गाडी उतारावर पायब्रेकने थांबत नाही. इब्रामपूरच्या साकवाअलीकडे चालकाने डॅशबोर्डखालचा हँडब्रेक ओढून ती थांबवली. हा ब्रेक भरवशास अपात्र आहे. अशी गाडी फेरीच्या अग्रभागी ठेवणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ होय. खाली सहीच्या जागी फक्त 'एक हितचिंतक' असे होते.

"गाडी सुर्ल्याच्या शंभू नाईकची," शाखाधिकारी म्हणाले. "ओळखता?"

सगुणच्या छातीत आनंदासारखे काहीतरी हळूच उघडले. त्याला त्याची लाज वाटली, पण ते बंद झाले नाही.

"ओळखतो," तो म्हणाला. "ही गाडी माझे वडील चालवायचे."

"मग तर उत्तमच. शुक्रवारी दुपारपर्यंत अहवाल हवा. तक्रार दप्तरी लागलीय; ती निकालात निघाल्याशिवाय एकाही गाडीला विमा मिळणार नाही."

२

सगुणचा बाप विठू गवस एका भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, ड्रायव्हर होता. ती मर्सिडीज पंचावन्न साली मुरगावच्या धक्क्यावर उतरली तेव्हा क्रेनखाली विठू उभा होता. पुढे तेरा वर्षे त्याच्याशिवाय कोणी तिला हात लावला नाही. अपवाद शंभूचा. तो भेडशीहून पोटासाठी आला होता आणि विठूच्या हाताखाली गाडी धूत धूत शिकला. अडुसष्ट साली भाटकाराची मुले लिस्बनला गेली. म्हाताऱ्या भाटकाराने गाडी विठूलाच देऊ केली, आणि विठूने ती शंभूच्या नावावर करायला लावली.

सगुण तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने कारण विचारले. बाप म्हणाला होता, "गाडी तुका समजतली रे. पण तिचो आवाज तुका आयकू येवचो नाय."

या वाक्याला वीस वर्षे झाली होती. गोवा राज्य झाले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, बाप गेला; वाक्य तसेच राहिले. ते जेवताना सगुणच्या तोंडून निघे, सणाला निघे, एखाद्या गाडीचा हॉर्न ऐकूनही निघे. 'अपात्र' हा शब्द त्याने पुन्हा वाचला. भरवशास अपात्र. लिहिणाऱ्याला कामाची जाण होती.

दुपारी तो सुर्ल्याला उतरला. खनिजाचे टिपर एकामागून एक जात होते आणि त्यांच्या लाल धुळीने केळीची पानेसुद्धा विटकरी झाली होती. शंभूच्या गॅरेजात दोन टिपर उघडे पडले होते. आतल्या बाजूला, ताडपत्रीखाली, मर्सिडीज काळीभोर आणि कोरडी उभी होती.

"येवा सगुणदा," शंभूने हात चिंधीला पुसले. "कंपनीन तुमका धाडल्यान मां? बरा झाला. दुसरो कोण इलो असतो तर तेका चाकां खंय असतत ता दाखवचा लागला असता."

"थट्टा पुरे. चाके काढ."

सगुणने दोन तास गाडी तपासली. ब्रेकचे लाइनिंग जाड होते, नळ्या नव्या होत्या, तेलाचा थेंब कुठे नव्हता. मग त्याने टिपरांच्या वाटेवर खडूने रेघ मारली, स्वतः गाडी पळवत आणली आणि पायब्रेक दाबला. गाडी रेघेअलीकडे वीतभर थांबली. तीनदा केले, तिन्हीदा थांबली. प्रत्येक वेळी त्याच्या मनातली ती उघडलेली गोष्ट थोडी थोडी मिटत गेली आणि तिच्या जागी कडवटपणा आला.

"आता तू चालव. उतारावरून."

शंभूने गाडी खाणीच्या उतारावर सोडली. गियर खाली आणला, पुन्हा खाली आणला. इंजिन घुमले, वेग मोडला. पायब्रेकला त्याने स्पर्शही केला नाही. अगदी शेवटी, चाके रांगू लागली तेव्हा, त्याने डॅशबोर्डखालची छत्रीच्या मुठीसारखी मूठ अलगद ओढली आणि गाडी पाणी थांबावे तशी थांबली.

सगुणने खिडकीबाहेर पाहिले. ती मूठ ओढणारा हात जणू बापाचा होता. पंचावन्न ते एकसष्ट भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती. एकेक सुटा भाग बोटीने युरोपातून यायचा, सहा-सहा महिने लागायचे. त्या काळातल्या ड्रायव्हरांनी लाइनिंग वाचवण्यासाठी ही युक्ती काढली होती. आता तिची गरज उरली नव्हती. पण शंभूच्या बोटांत ती उतरली होती आणि विठूच्या मुलाच्या बोटांत नव्हती.

"ब्रेक चांगला आहे," सगुण म्हणाला. "अर्ज करणाऱ्याने तुझी ही सवय पाहिली आणि तिला दोष समजला. कोणी केला असेल?"

शंभूने चिंधीने स्टिअरिंग पुसले.

"खरा सांगू, सगुणदा? माका वाटला, तुम्हीच."

३

डिचोलीला परतताना बसमध्ये सगुणला एकच गोष्ट कळत होती. शुक्रवारी तो गाडी निर्दोष असल्याचे लिहील. तरी लिहिणारा सापडला नाही, तर शंभू आयुष्यभर हेच समजेल. आणि सर्वांत बोचणारे हे होते की शंभूचा अंदाज चुकीचा असला तरी अन्यायाचा नव्हता.

फेरीच्या मंडळींत मर्सिडीजवर डोळा असणारे दोघे होते. अध्यक्ष सिद्धेश कामत हा खनिज वाहतुकीचा कंत्राटदार. त्याने मुद्दाम फेरीसाठी एक लांबलचक अमेरिकन गाडी उभी केली होती. चिटणीस तनया शिरोडकर कॉलेजात इतिहास शिकवी आणि वडिलांची छप्पन सालची मॉरिस स्वतः चालवी. फेरीत पुढे कोण, हे गाडी गोव्यात उतरल्याच्या तारखेवरून ठरले होते. शंभूची गाडी तनयाच्या गाडीपेक्षा अकरा महिने आधी उतरली होती.

सगुण आधी सिद्धेशच्या कचेरीत गेला.

"गवसबाब, अर्ज मी केला असता तर छापून वाटला असता," सिद्धेश हसला. "पण खरं विचाराल तर उपाय सोपा आहे. त्याची गाडी वगळा. पुढं मी राहतो. लोकांना बघायला तरी काय मिळेल? टॅक्सीसारखी काळी पेटी?"

"तुमच्या ट्रकांचे अहवाल मी केले आहेत. मराठी प्रती तुमच्याकडे आहेत?"

"असतील. कित्याक?"

सगुणने अर्जातल्या एका शब्दावर बोट ठेवले. "'भरवशास अपात्र' हा शब्दप्रयोग माझा आहे. माझ्या अहवालांबाहेर तो कुठे नाही."

सिद्धेशचे हसू क्षणभर मावळले. "म्हणजे माझ्यावर आलं म्हणा की! गेल्या रविवारी फेरीच्या चाचणीला मी त्या गाडीत बसलो होतो, हे कबूल. मागच्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन. शंभू कशानं गाडी थांबवतो ते मला काय दिसणार? त्याची मान तेवढी दिसली. ती ताठ होती, याचा राग आला. तो अजून आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. हँडब्रेकची ती मूठ मागून दिसणे शक्य नव्हते. ती फक्त पुढे, चालकाच्या शेजारी बसणाऱ्यालाच दिसे.

चाचणीच्या दिवशी पुढे तनया बसली होती, असे सिद्धेशने सांगितले.

तनया मॉरिसच्या बॉनेटमध्ये डोके घालून होती. प्रश्न ऐकून ती सरळ झाली आणि काजळीचे हात तिने लपवले नाहीत.

"मत्सर वाटला का, असंच विचारताय ना सगुणबाब? वाटला. अकरा महिन्यांसाठी बाबांची गाडी दुसरी! घरी जाऊन रडले. पण त्याला सभेत तोंडावर बोलले असते. हँडब्रेक ओढताना मी बघितलं आणि विचारलंही. त्यानं सगळा नाकेबंदीचा इतिहास सांगितला. मी वर्गात सांगते त्यापेक्षा चांगला."

"गेल्या रविवारी इब्रामपूरच्या उतारावरून गेलात?"

"इब्रामपूर? छे! आम्ही अस्नोड्यावरून कोलवाळला गेलो आणि तसेच पेडण्याला. इब्रामपूर वाटेत येतंच कुठे?"

सगुण थबकला. ज्याच्याकडे शब्द होते त्याला मूठ दिसली नव्हती. जिला मूठ दिसली होती तिला सवयीचे कारण माहीत होते. आणि तो उतार तर दोघांपैकी कोणीच पाहिला नव्हता. ती गाडी इब्रामपूरला गेली होती, ती दुसऱ्याच कोणालातरी घेऊन. पुढच्या सीटवर बसवून.

इब्रामपुरात सगुणच्या ओळखीचे एकच घर होते. त्याचे स्वतःचे.

४

गुरुवारी सकाळी सुशीलाबाई अंगणात कुळीथ पाखडत बसल्या होत्या. मुलगा असा आडवारी आलेला पाहून त्यांनी सूप खाली ठेवले.

"खंयसून इलंस? जानकी बरी मां?"

"बरी आहे. आई, शंभूची गाडी इथे येते का?"

सुशीलाबाईंनी पदराने डोळे टिपले. थेंब न घातल्याने ते लाल झाले होते.

"त्येनाच सांगल्यान?"

"त्याने काहीच सांगितले नाही. गाडी इथे येते, याबद्दल तो गप्पच बसला."

"गप्प बसतलोच. माझी शपथ घातलंय तेका." त्या अंमळ थांबल्या. "म्हयन्याच्या पयल्या सोमवारी येता. माका पेडण्याक डोळ्यांच्या डाक्तराकडे व्हरता, परत हाडून सोडता. तुझो बापूस गेल्यापासून. तुका सांगला असता तर तू जेवूचो रवलो असतंस."

दारातल्या माडावर कावळा बसला आणि उडाला. बाप जाऊन सात वर्षे झाली होती. सगुण मनीऑर्डर पाठवायचा, पत्र पाठवायचा, गणेश चतुर्थीला यायचा. आणि त्याच्या आईला बापाच्या गाडीतून दवाखान्यात दुसराच कोणी नेत होता. त्याला वाटले, शंभूने आता उरलेलेही घेतले. मग त्याला वाटले, ते घेण्यासारखे तिथे पडलेच होते, कारण आपण ते उचलले नव्हते.

"या सोमवारी गाडीत आणखी कोण होतं?"

"जानकी होती मगे! बसची वाट बघीत रस्त्यार उबी होती, शंबून बसयल्यान. म्हणा, चला वयनी, डिचोलीपर्यंत सोडतंय. पयली माझ्यावांगडा पेडण्याक इली. माका पाय लांब करूक व्हये म्हणान मी मागे. ती फुडे बसली."

सगुणने कागद उघडला नाही. आता गरज नव्हती. शब्दप्रयोग त्याचा होता, पण तो इतकी वर्षे उतरवणारा हात त्याचा नव्हता.

"काय झाला रे?" सुशीलाबाईंनी विचारले. "असो कित्याक बसलंस?"

"काही नाही. डोळ्यांत थेंब घालतो. वर बघ."

त्याने हात धुतले आणि आईच्या डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि त्याचे मनगट बराच वेळ सोडले नाही.

५

दुपारी तीनला तो घरी पोहोचला. जानकी टेबलाशी बसून मराठी प्रत उतरवत होती. त्याने अर्ज तिच्या वहीवर ठेवला. तिने तो वाचला नाही. पेनला टोपण लावले.

"म्हापशाला कोर्टाबाहेर जो टाइप करतो, त्याच्याकडून केला," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी. तुम्ही साखळीला गेला होतात."

"का?"

"ब्रेक खरंच गेलाय असं वाटलं. उतार होता, खाली साकव, त्यावर शाळेची मुलं. आणि तो माणूस पाय हलवत नाही, नुसती ती मूठ ओढतो. रविवारी अशी गाडी पुढे, आणि दोन्ही बाजूंना गाव उभा. सांगायला नको?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला?" जानकी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहत म्हणाली. "तुम्हाला सांगायचं म्हणजे त्याच्या गाडीत मी बसले, हे सांगायचं. आणि आईंचं सगळं सांगायचं. या घरात त्याचं नाव घेतलं की दोन दिवस भात कडू लागतो."

त्याने खुर्ची ओढली आणि तो तिच्यासमोर बसला.

"अजून एक आहे," तिचा आवाज खाली आला. "तो टाइप करत होता तेव्हा मला बरं वाटलं. आता कळेल त्या शंभूला, असं वाटलं. भीती खरी होती, अहो. आणि बरं वाटलं तेही खरं. माझं त्या माणसाशी काय वैर? तुमचं इतकी वर्षं ऐकत आले, तेच झालं."

"बाबा असेच थांबवायचे गाडी. नाकेबंदीच्या दिवसांत सुटे भाग मिळत नसत, म्हणून."

"मला कुठे माहीत? मामंजींबद्दल तुम्ही एवढं बोललात. पण गाडी कशी चालवायचे, ते कधी सांगितलंत?"

सगुणने आठवून पाहिले. एकदाही नाही. बापाने काय नाकारले तेवढेच त्याने या घरात आणले होते; बापाला काय येत होते ते त्याने दाराबाहेर ठेवले होते. जानकीला ते माहीत असते तर तो अर्ज टाइपरायटरवर चढलाच नसता.

"ब्रेक चांगला आहे ना?" तिने विचारले.

"उत्तम आहे."

"मग तसं लिहा. अर्ज फाडून टाका. कोणाला कळणार आहे?"

"अर्ज दप्तरी लागलाय, हा फाडला तर तिथली नोंद राहील. आणि माझ्याच घरातून गेलेल्या तक्रारीवर मी निकाल लिहिला, तर तो खरा असला तरी खोटा ठरेल. शिवाय शंभूला वाटतंय की तो मी केला."

जानकीने वही मिटली. शेजारच्या घरी कोणीतरी खोबरे किसत होते. तिने विचारले, "तुमचं काम जाईल?"

"यादीवरून नाव काढतील बहुतेक."

"आणि फेरी?"

"दुसरा सर्व्हेअर उद्या सकाळी पाहू शकतो. शंभूला निरोप पाठवतो, गाडी घेऊन नऊला म्हापशाला ये म्हणून."

तिने पेनचे टोपण काढले. अर्जातल्या 'एक हितचिंतक' या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली आणि खाली, ज्या सुवाच्य अक्षरात ती अहवाल लिही त्याच अक्षरात, सौ. जानकी सगुण गवस, बोर्डे, डिचोली असे लिहिले. मग पेन त्याच्याकडे केले नाही, टेबलावर ठेवले. सगुणने ते स्वतः उचलले आणि तिच्या नावाखाली आपली सही केली.

शुक्रवारी दोघे पावणेनऊला शाखेत पोहोचले. सगुणने अर्ज आणि आपले अर्ध्या पानाचे निवेदन आवक खिडकीत दिले. कारकुनाने आधी एकावर शिक्का मारला, मग दुसऱ्यावर. शाखाधिकाऱ्यांनी दोन्ही कागद उभ्याने वाचले, चष्मा काढला आणि काही न विचारता पणजीच्या सर्व्हेअरला फोन लावला. तो दहापर्यंत येईल असे ठरले. सगुणने पाकिटातले कंपनीचे ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवले.

"मी मागितलं नव्हतं," शाखाधिकारी म्हणाले.

"हो."

खाली आवारात मर्सिडीज उभी होती आणि शंभू तिच्या चाकाशी उकिडवा बसला होता. सगुणला पाहून तो उठला, पण पुढे आला नाही. सगुण बोलायला निघाला, तेव्हा जानकीने त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवले. ती एकटीच आवार ओलांडून गेली.

"भावजी," ती म्हणाली, "त्या अर्जाबद्दल थोडं बोलायचं आहे. तो मी केला होता."